वेटिंगवरचं काश्मीर

आमच्या ग्रुपचं नाव आत्तापर्यंत पाच वेळा बदललंय. सुरुवातीला होतं 'काश्मीर?'. मग 'काश्मीर पक्कं'. मग 'काश्मीर फायनल' आणि त्यानंतर 'काश्मीर फायनल फायनल २' (कॉलेजचं प्रोजेक्ट रात्री पावणेबाराला सबमिट केलेल्या कुणालाही हे नाव समजेल). गेल्या वर्षी २२ एप्रिलनंतर कुणीतरी गुपचूप ते काढून नुसतं एक टिंब ठेवलं. कुणी केलं ते आम्ही विचारलं नाही. तेव्हापासून तो ग्रुप 'टिंब' म्हणूनच ओळखला जातो.

आम्ही सहा जण. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनचे. आमचं पहिलं वर्ष ऑनलाइन सुरू झालं, त्यामुळे एकमेकांचे चेहरे आधी स्क्रीनवरच्या चौकोनात पाहिले आणि उंची नंतर कळली. बारावीची परीक्षा रद्द झालेली आमची बॅच. त्याआधी मे २०२० मध्ये आमच्या घरी कुलू-मनालीचं ठरलं होतं. बाबांनी पहिल्यांदाच टूर कंपनीत पैसे भरले होते आणि मी नवीन जर्किन घेतलं होतं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि ते जर्किन शेवटी माझ्या मामेभावाला झालं. तर सांगायचा मुद्दा, 'ठरलेलं होईलच असं नाही' हे आमच्या पिढीला कुणी वेगळं शिकवायची गरज नाही. तरीही आम्ही ठरवतो. भयंकर उत्साहानं ठरवतो.

काश्मीर ठरलं ते जानेवारीत, एका टपरीवर. सप्टेंबरमध्ये एक जण मास्टर्सला जर्मनीला जाणार, एकीला बेंगळुरूला नोकरी लागलेली, एक जण एमपीएससीच्या अभ्यासात गायब व्हायच्या बेतात. 'आत्ता नाही तर डायरेक्ट एकमेकांच्या लग्नात,' असं कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला.

मग एक्सेल आलं. प्रत्येक ग्रुपमध्ये एक हिशेबी असतो, तसा आमच्यातही आहे. त्यानं शीट बनवली. तिकीट, राहणं, खाणं, घोडा, 'इतर', आणि सगळ्यात खाली 'इतरचं इतर'. इतर म्हणजे केशर, अक्रोड आणि आयांसाठी शाली. माझ्या आजीनं तर पाचशेची नोट देऊन ठेवली, 'पांपोरचं केशर आण, पुडीतलं नको.' आजी पुण्याच्या पलीकडे फारशी गेलेली नाही, पण पांपोर तिला ठाऊक होतं.

होळीच्या सकाळी आठ वाजता

रेल्वेचं आरक्षण पूर्वी चार महिने आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. आम्हाला १२ मेची झेलम एक्स्प्रेस हवी होती, पुणे ते जम्मू, दोन रात्री. म्हणजे १३ मार्चला सकाळी आठ वाजता खिडकी उघडणार. त्या दिवशी होळी होती. घरात पुरण शिजतंय, आई यंत्रात वाटायला मदतीला बोलावतेय आणि मी लॅपटॉप, मोबाइल आणि बाबांचा मोबाइल अशा तीन आघाड्यांवर बसलेली. ग्रुप कॉलवर सगळे. ७ वाजून ५९ मिनिटांनी कुणी शिंकलं तरी शिव्या.

आठ वाजता आत घुसलो. नावं भरली. कॅप्चा भरला. पैसे भरायच्या पानावर आलो आणि ज्याच्या खात्यातून पैसे जायचे होते त्यानं यूपीआयचा पिन चुकवला. पुन्हा पहिल्यापासून! दुसऱ्या वेळेस तिकीट निघालं, पण चार कन्फर्म आणि दोन आरएसी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरएसी म्हणजे सिच्युएशनशिप. तुम्ही आत आहात, पण अर्ध्या सीटवर. नातं आहे, पण नाव नाही. पुढे काय होईल ते समोरचा ठरवणार.

तरी त्या दिवशी पुरणपोळी जरा जास्तच गोड लागली.

इथून पुढचे पाच आठवडे कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. प्रवास सुरूच झाला होता म्हणा ना. रोज रात्री कुणीतरी एक रील टाकायचं. शिकारा, बर्फ, कहवा, पुन्हा शिकारा. कॅम्पातून सेकंडहँड थर्मल आणले. श्रीनगरमधल्या एका हाउसबोटवाल्या काकांचा नंबर सीनियरकडून मिळाला होता. आम्ही त्यांना चाचा म्हणू लागलो. पाच हजार रुपये अ‍ॅडव्हान्स पाठवला. ते रोज सकाळी आठच्या सुमाराला दल लेकचा फोटो पाठवायचे, खाली फक्त 'आज का मौसम'. पुण्यात ४० डिग्री असताना लेक्चरला बसून तो फोटो बघायचा, हा आमचा एसी होता.

आमच्या अभ्यासक्रमात संशोधन पद्धतीचा पेपर आहे. त्याच्यासाठी वाचताना नेदरलँड्समधला २०१० मधला एक अभ्यास सापडला होता. जेरोन नाविन आणि सहकाऱ्यांनी १,५३० डच लोकांना त्यांच्या सुट्टीबद्दल आणि आनंदाबद्दल विचारलं होतं. सहलीला जाणारे लोक न जाणाऱ्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले, पण कधी? तर जायच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांचा आनंद बाकीच्यांइतकाच. अगदी निवांत सुट्टी झालेल्यांचाच काय तो थोडा टिकला. तेव्हा मी हे ग्रुपवर टाकलं होतं, 'म्हणजे आपण आत्ताच सगळ्यात खूश आहोत' असं लिहून. सहा हार्ट आले. आम्ही सहाच असल्यामुळे एक हार्ट मीच माझ्या मेसेजला दिलं होतं.

टिंब

२२ एप्रिल, मंगळवार. संध्याकाळी आधी फोनवर नोटिफिकेशन दिसलं, पहलगाममध्ये पर्यटकांवर गोळीबार. मग आकडा वाढत गेला. बैसरनच्या कुरणात २६ जणांना मारलं. त्यातला एक जण तिथलाच घोडेवाला होता, बाकीचे फिरायला आलेले. महाराष्ट्रातले सहा. डोंबिवलीचे तीन, पनवेलचे एक आणि आमच्या पुण्याचे दोन.

आमच्या शीटमध्ये तिसऱ्या दिवशीच्या रकान्यात लिहिलेलं होतं, 'पहलगाम – बैसरन (घोडा, भाव करणे)'.

त्या रात्री ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला मेसेज आला तो हिशेबीचा. 'तिकीट आत्ता कॅन्सल केलं तर माणशी १२० कापतील. ४८ तास आधीपर्यंत तेवढेच. घाई नाही. पण विचार करून ठेवा.'

त्यावर मी जे लिहिलं ते इथे लिहायला मला आवडत नाहीये, पण लिहिते. 'तुला आत्ता पैशाचं सुचतंय?'

त्यानं 'सॉरी' लिहिलं आणि ग्रुप सोडला.

खरं सांगायचं तर माझे पैसे बाबा देणार होते. त्याचे त्यानं स्वतः साठवले होते. नववी-दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन, आठ महिने. हे मला माहीत होतं. तरी मी तसं लिहिलं, कारण मलाही त्या सकाळी उठल्याउठल्या पहिला विचार आला होता तो आमच्या ट्रिपचाच. टीव्हीवर डोंबिवलीतली रडणारी माणसं दिसत होती आणि माझ्या डोक्यात, 'गेलं आपलं काश्मीर.' इतकी लाज वाटली स्वतःची! ती कुणावर तरी काढायची होती, त्याच्यावर काढली.

नंतर इतरांशी बोलले तेव्हा कळलं, सगळ्यांचं हेच झालं होतं. एकीनं सांगितलं, ती दोन दिवस कपाटातले थर्मल बघून रडत होती आणि आईनं 'काय गं' विचारल्यावर 'बातम्या बघून' असं सांगत होती. खोटं नव्हतं ते, पण पूर्ण खरंही नव्हतं. माणसं मेलीयत आणि आपल्याला ट्रिप रद्द झाल्याचं वाईट वाटतंय, ही गोष्ट मोठ्यानं बोलायची कुठे? शोकसभेत आपल्या हरवलेल्या छत्रीबद्दल कोण बोलतं? पण छत्री हरवलेली असतेच.

घरच्यांचं बोलणं तर ठरलेलंच. आई म्हणाली, 'कुठे फिरायचंच असेल तर सिंहगडावर जा, पिठलं-भाकरी खा नि ये.' बाबा म्हणाले, 'परिस्थिती निवळू दे.' हे वाक्य मी २०२० पासून ऐकतेय. निवळली की सांगा, असं मी म्हणाले आणि एक दिवस अबोला झाला. आता वाटतं, तेही घाबरले होते आणि मुलगी ऐकणार नाही या भीतीनं जास्तच घाबरले होते. २२ वर्षांच्या मुलीला 'जाऊ नको' म्हणता येत नाही म्हणून तर ते परिस्थितीवर ढकलत होते.

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. तिकीट कॅन्सल करायचं ठरवून पीएनआर टाकला, तर आमच्या दोन्ही आरएसी कन्फर्म झालेल्या! पाच आठवडे ज्याची वाट बघितली ते हिरवं सीएनएफ समोर. क्षणभर आनंद झाला, शपथेवर सांगते. मग डोक्यात शिरलं की जागा का रिकाम्या झाल्या. आमच्यासारखेच कुणीतरी, कुठल्या तरी घरात, पीएनआर उघडून बसले होते आणि कॅन्सलचं बटण दाबत होते.

आम्हीही दाबलं.

चाचांना फोन कुणी करायचा यावर बरीच चालढकल झाली. शेवटी जर्मनीवाल्यानं केला, स्पीकरवर. आम्ही कारणांची यादी करून बसलो होतो. काही सांगायच्या आतच ते म्हणाले, 'बेटा, अभी मत आइए. आप के मां-बाप परेशान होंगे. पैसा मैं वापस डाल देता हूं.' मग थोडं थांबून म्हणाले, 'हम शर्मिंदा हैं.' तुम्ही कशाला, असं आम्ही सगळे एकदम म्हणालो आणि त्या गोंधळात फोन कट झाला.

पाच हजार परत आले, पण एकदम नाही. आधी तीन हजार. चार दिवसांनी दोन. त्या काळात काश्मीरमधल्या ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळांना टाळं लागलं होतं. चाचांच्या बोटीवर मे महिनाभर कुणीच नव्हतं, हे आम्हाला खूप नंतर कळलं. दोन हप्त्यांत पैसे का आले हे मात्र तेव्हाच समजायला हवं होतं. आम्ही काय केलं? सहाने भागलं. माणशी ८३३ रुपये ३३ पैसे. ज्याच्या त्याच्या खात्यात गेले, कुणी हूं की चूं केलं नाही. 'राहू द्या, पुढच्या वेळी वळते करू' हे वाक्य सहापैकी एकालाही सुचलं नाही, की सुचलं आणि बोललो नाही, कोण जाणे.

७ मे रोजी ऑपरेशन सिंदूर झालं. त्यानंतर उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ बंद झाले, श्रीनगरसकट. शस्त्रसंधी झाली १० मेला. आणि विमानतळ पुन्हा उघडल्याची बातमी आली ती १२ मेला. म्हणजे ज्या संध्याकाळी आम्ही पुणे स्टेशनवर वडापाव घेत उभं असायचो, त्याच दिवशी. बाबांनी टीव्हीकडे बघत 'बघ, निवळलं' असं म्हटलं आणि मग स्वतःच गप्प झाले.

जवळचं म्हणजे कुठलं?

नंतरचं थोडक्यात सांगते. जूनमध्ये हिशेबीला परत ग्रुपमध्ये आणलं, मी त्याच्या घरी जाऊन माफी मागितली, त्याच्या आईनं दडपे पोहे दिले आणि त्या प्रकरणावर पडदा पडला. आम्ही सगळे लाल परीनं श्रीवर्धनला दोन दिवस जाऊन आलो. मजा आली. पण शिकाऱ्याचे कपडे घालून होडीत बसल्यासारखी मजा.

तोवर 'लांब नको, जवळ कुठेतरी जा' या सल्ल्यातलाही दम गेला होता. १२ जूनला अहमदाबादचं विमान कोसळलं. १५ जूनला, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पूल पडला आणि फिरायला गेलेली माणसं गेली. कुंडमळा आमच्यापासून तासाभरावर. ५ ऑगस्टला उत्तराखंडात धरालीवर डोंगरातून चिखल-पाण्याचा लोंढा आला, तेव्हा महाराष्ट्रातले कितीतरी प्रवासी तिकडे अडकले होते. आमच्या एका मित्राची मावशी त्यातली. तिचा फोन लागेपर्यंत दीड दिवस ते घर कसं बसून होतं हे त्यानं सांगितलंय, त्याच्यावर मी लिहिणार नाही.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तर न युद्ध, न पूर. वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, तयारी कमी पडली आणि एका दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली. माझी एक क्लासमेट भावाच्या हळदीला नागपूरला निघाली होती. विमानतळावर सात तास बसून शेवटी रात्रीच्या स्लीपर बसनं गेली. हळद तिला व्हिडिओ कॉलवर लागली, म्हणजे फोनच्या स्क्रीनला लागली. 'मी आता कुठल्याच गोष्टीची आधीपासून वाट बघत नाही,' असं ती म्हणते. आणि तीच पोरगी मागच्या आठवड्यात मला मेघालयातल्या मुळांच्या पुलांचे रील पाठवत होती.

या लेखासाठी मी ओळखीतल्या दहा-बारा जणांशी बोलले. एक जण आता फक्त 'फ्री कॅन्सलेशन' लावूनच हॉटेल शोधतो, बाकीची हॉटेलं त्याच्यासाठी जगात नाहीतच. एकीनं ट्रॅव्हल इन्शुरन्स काढला आणि मग बारीक टाइप वाचत बसली, तर युद्ध आणि युद्धजन्य परिस्थिती वगळलेली. (बहुतेक पॉलिसींत असंच असतं, तेव्हा आधी वाचा.) रूममेट कोकणातली आहे, ती म्हणाली, 'तुम्हाला हे आत्ता कळतंय. गणपतीच्या गाडीचं तिकीट आम्ही जन्मापासून असंच काढतो.' खरंय तिचं. साठ दिवस आधी सकाळी आठला बसायचं, काही मिनिटांत रिग्रेट बघायचं आणि तरी चतुर्थीला कसंही करून घरी पोचायचं. तिच्या घरी 'परिस्थिती निवळू दे' असं कुणी म्हणत नाही, कारण गणपती काही निवळायची वाट बघत नाही.

काही जण मात्र घरी काहीच सांगत नाहीत. तिकीट निघाल्यावर, कधीकधी गाडीत बसल्यावर सांगतात. आनंद जाहीर केला की मोडतो, अशी एक अंधश्रद्धाच तयार झालीय म्हणा. स्टेटसला फोटो टाकायचा तो परतीच्या गाडीतून. मला हे पटत नाही. अभ्यास डच लोकांचा असला तरी ते पाच आठवडे आमचे होते. होळीपासून २२ एप्रिलपर्यंत आम्ही काश्मीरला जाऊनच आलो होतो एका अर्थी, आणि ते मला कुणी परत मागू शकत नाही.

२ फेब्रुवारी, सकाळी आठ

जर्मनीवाला जर्मनीत आहे. एमपीएससीवाला खरंच गायब आहे. उरलो चार. पंधरा दिवसांपूर्वी चाचांचा फोटो आला, जवळजवळ आठ महिन्यांनी. दलच्या कडेला पातळ बर्फाची साय धरलेली आणि खाली तेच, 'आज का मौसम'. ग्रुपवर टाकला. कुणीच काही बोललं नाही, पण संध्याकाळपर्यंत टिंबाच्या पुढे एक प्रश्नचिन्ह आलं होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला श्रीनगरमध्ये ट्युलिप असतात. आणि आता तर कटऱ्याहून थेट श्रीनगरपर्यंत रेल्वे झालीय. ६ जून २०२५ ला उद्घाटन झालं, वाटेत चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल. आमचा मूळ प्लॅन झाला असता तर जम्मूपासून टॅक्सीनं वळणं घेत ओकत गेलो असतो, असं हिशेबी म्हणाला. ही त्याची सकारात्मकता.

घरी सांगितलं. आई काही बोलली नाही. बाबांनी 'बघू' म्हटलं, जे 'परिस्थिती निवळू दे' पेक्षा बरंच बरं आहे. आजीनं विचारलं, 'माझी नोट आहे ना?' आहे. पाउचमध्ये, जशीच्या तशी. केशराचा भाव बघता त्या नोटेत आता पुडीतलंच येईल, ते तिला अजून सांगितलेलं नाही.

भीती गेलीय का? नाही. नोव्हेंबरमध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट झाला त्या रात्री ग्रुप पुन्हा गप्प झाला होता, तेव्हा तर काही ठरलेलंही नव्हतं. यावेळी आम्ही आधीच बोलून घेतलंय. कुणीही, कुठल्याही कारणानं, अगदी स्टेशनवरूनसुद्धा 'मला नाही यायचं' म्हणू शकतं आणि त्याला कुणी चिडवायचं नाही. पैशाचं कुणीही, कधीही बोलू शकतं. हा नियम मी मांडला.

३ एप्रिलच्या गाडीचं आरक्षण २ फेब्रुवारीला, सोमवारी उघडतंय. यूपीआयचा पिन ज्यानं चुकवला होता त्याला या वेळी फक्त कॅप्चा वाचायचं काम दिलंय. हिशेबीनं परवा नवीन शीट पाठवली. त्यात दोन जास्तीचे रकाने आहेत, 'रद्द झालं तर परत मिळतील' आणि 'मिळणार नाहीत'. तिकीट पहिल्या रकान्यात, कापले जाणारे पैसे वजा करून. कटऱ्याचं हॉटेल पहिल्या रकान्यात. चाचांचा अ‍ॅडव्हान्स, पाच हजार, त्यानं दुसऱ्या रकान्यात टाकलाय. मी विचारलं, अरे पण चाचा तर परत देतात की. तर म्हणाला, 'देतात. आपण घ्यायचे नाहीत.'